कांतुमार्क्याचा सूर्य

"घाव घालताना डोळे मिटायचे नाहीत, पोरी. तू डोळे मिटलेस की दगड जिंकला."

हा आवाज उर्सुलाच्या कानी पडला तेव्हा ती आईच्या कमरेलाही पोहोचत नव्हती. खाणीच्या तोंडाशी बायका ओळीने बसायच्या. मांडीवर घोंगडीचा तुकडा, हाती लोखंडी हातोडी, आणि डोंगराच्या पोटातून वर आलेला दगड फोडून त्यातले रुपे वेगळे करायचे. थंडी अशी, की तोंडातून निघालेला श्वास ओठांवरच गोठून बसावा. त्या थंडीत आई गात असे:

सूर्या रे बापड्या, उशीर का केला,
थंडीने गोठला हात माझा.
डोंगराच्या पोटी रुपे झोपी गेले,
घावाने जागले तुझ्यासाठी.

आई त्याच थंडीत गेली. मागे गाणे राहिले आणि चेहरा राहिला. रुंद कपाळ, गालांची वर आलेली हाडे, आणि मिटल्या ओठांच्या कडेला दडलेले, कोणाला न दिलेले हसू.

दक्षिण अमेरिकेच्या उंच पठारावर, जिथे झाड उगवायला भिते आणि वारा मात्र बारा महिने मोकाट हिंडतो, तिथे एका तांबूस डोंगराच्या खांद्यावर कांतुमार्क्याचा किल्ला उभा होता. किल्ला कसला, तटबुरुजांनी वेढलेली टांकसाळच ती. पिढ्यानपिढ्या इथे रुप्यावर स्पेनच्या राजाचे तोंड उमटत आले. मग बंडाचा वणवा पेटला, राजाची निशाणे खाली आली आणि नव्या राज्याने ठरवले की आपल्या नाण्यावर कोणा माणसाचे तोंड नको, सूर्याचे हवे. नाण्याचे नावच पडले सोल, म्हणजे सूर्य.

टांकसाळीचा एक रिवाज राजाहून जुना होता. ठसा ज्याने कोरला, त्यानेच तो मोडायचा. परक्या हाताने घाव घातला तर त्या हाताच्या घरी पुन्हा दिवा लागत नाही, अशी समजूत होती. म्हणून राजाचा ठसा मोडण्याचा मानही उर्सुलाच्या बापाला, ठसेकोरणार अन्सेल्मो चोके याला मिळाला. भर चौकात त्याने घण उचलला तेव्हा उर्सुलाने त्याचा कोपर धरला होता. लोकांना वाटले, म्हातारा गहिवरला आहे.

म्हातारा गहिवरला नव्हता. त्याला दिसत नव्हते.

पोलादाचा बारीक कीस आणि मुशीचा धूर यांनी अन्सेल्मोचे डोळे केव्हाच खाल्ले होते. आवाजावरून माणूस आणि पावलावरून पायरी ओळखून तो असा वावरे, की कोणाला शंका येऊ नये. ठशावरची छिन्नी बंद दाराआड उर्सुला चालवी. ही गोष्ट बाहेर फुटली असती तर नुसती भाकरी गेली नसती. परवान्यावाचून जो ठशाला छिन्नी लावील त्याचा उजवा हात मनगटापासून तोडावा, असा राजाचा कायदा होता. राजा गेला, पण तो कायदा रद्द करायला अजून कोणाला सवड झाली नव्हती.

सूर्य कोरताना उर्सुलाने समोर काही ठेवले नाही. डोळ्यांपुढे होते तेच पोलादात उतरवले. रुंद कपाळ, उंच गाल, ओठांच्या कडेचे हसू, आणि भोवती किरणांचा पिसारा. पहिले नाणे तिने बापाच्या तळव्यावर ठेवले. म्हाताऱ्याने त्यावर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"किरण जाड आहेत," शेवटी तो म्हणाला. "चालेल."

बस, एवढेच. उर्सुलाने ते गिळले आणि ती पुढच्या कामाला लागली.

त्या वर्षी खालच्या मैदानात नव्या राज्याच्या फौजेचा मोड झाला. राजाचे सैन्य पठार चढून आले आणि त्याने कांतुमार्क्याला वेढा घातला. तोफा त्यांनी फारशा डागल्या नाहीत. टांकसाळ त्यांना पाडायची नव्हती, घ्यायची होती. मग एका सकाळी किल्ल्याच्या हौदात येणारे पाणी थांबले. डोंगराच्या झऱ्यापासून हौदापर्यंत जमिनीखालून दगडी पाट आणलेला होता. वरून त्याची खूणही दिसत नसे. तरी शत्रूने नेमकी त्याच्यावरच कुदळ घातली होती.

तहान माणसाला हळूहळू मारते, संशयाला तेवढाही धीर नसतो. काल एका ताटात जेवणारे गडी आज एकमेकांच्या मोटल्या उघडून पाहू लागले. कोणी तटावर जास्त वेळ उभा राहिला की खालून हाक येई, "काय रे, सोयरिक जमवतोस काय तिकडे?" आणि हसणाऱ्याचे डोळे हसत नसत.

अन्सेल्मो तर रोज तटावर जाई. टांकसाळीतल्या डोंगरी लोकांची ती जुनी चाल होती. दिवसाची पहिली कोरी चकती सूर्याला दाखवल्याखेरीज तिच्यावर छाप मारायचा नाही. पूर्वेच्या बुरुजावर उभा राहून म्हातारा ती घोटलेली चकती दोन्ही हातांनी वर धरी. पहिल्या उन्हाचा चटका बोटांना लागला की डोके लववी आणि परत फिरे. छापकाम वेढ्यामुळे थांबले होते, पण त्याने नेम सोडला नव्हता.

"चमकतं ते," पहाऱ्याचा नाईक निकानोर हौदापाशी सर्वांदेखत म्हणाला. "रोज सकाळी पूर्व बुरुजावर लखकन चमकतं, आणि समोर त्यांची छावणी. म्हाताऱ्या, आज कोणाला आरसा दाखवलास?"

"तुला दाखवला असता निकानोर," अन्सेल्मोने आवाजाच्या दिशेने तोंड वळवले, "पण आरसा तडकला असता. मग नवा कुठून आणू?"

बाया हसल्या. निकानोर हसला नाही. "जिभेला धार फार आहे. तीस वर्षं राजाचं तोंड कोरलंस, त्याच्या मिठाची असेल."

"असेल. तुझ्या बंदुकीचं लोखंडही त्याच मिठाचं आहे. तेही फेकून दे."

एवढ्यात गर्दी बाजूला झाली. सुगंधी रुमाल नाकाशी धरलेले सेन्योर सेवेरो आले. हे टांकसाळीचे परीक्षक, रुप्याचा कस लावणारे. ठशांच्या पेटीला दोन कुलुपे होती, एकाची किल्ली किल्लेदाराच्या गळ्यात, दुसऱ्याची यांच्या कमरेला.

"असू दे, नाईक, असू दे," सेवेरो मऊ आवाजात म्हणाले. "म्हातारं माणूस आहे. सूर्याला हात जोडतं. आता सूर्य नेमका छावणीच्या बाजूने उगवतो, त्याला ते काय करणार?"

बोलणे सांत्वनाचे होते, पण ते गेल्यावर लोक म्हाताऱ्यापासून आणखी हातभर लांब सरकले.

उर्सुलाला सेवेरोंचे उपकार वाटत. एकदा दुपारी ते रुप्याचा नमुना मागायला अवचित आत आले होते. छिन्नी तिच्या हातात होती, भिंग डोळ्याला, आणि बाप कोपऱ्यात जपमाळ ओढत बसलेला. सेवेरो दारातच थबकले. मग हसून म्हणाले, "मी काही पाहिलं नाही हं, बाळ." तेव्हापासून दर रविवारी त्यांच्या घरून पांढऱ्या पावाची लादी येई. ती खाताना तिला वाटे, जगात अजून भली माणसे आहेत.

वेढ्याला कंटाळून की काय, एका सकाळी शत्रूचा वकील पांढरे निशाण घेऊन दरवाजाशी आला. किल्लेदार सेन्योर बाल्तासार हे उंच, किडकिडीत, जुन्या घराण्यातले गृहस्थ. तहानेने ओठ फुटले असतानाही त्यांनी अंगरख्याचे शेवटचे बटण लावले आणि सर्व शिबंदीसमक्ष वकिलाला भेट दिली.

"आमच्या सेनापतींचा आपल्याला मानाचा मुजरा," वकील म्हणाला. "आपले शौर्य त्यांनी पाहिले. आपण शस्त्रांसह, निशाणांसह, वाजतगाजत बाहेर पडावे. कोणाच्या केसाला धक्का लागणार नाही. मोबदल्यात दोनच गोष्टी हव्यात. सूर्याचा ठसा, अखंड. आणि ठसेकोरणार चोकेची मुलगी."

शिबंदीतून असा गलका उठला की वकिलाचा घोडा बिचकला. कोणी शिवी हासडली, कोणी विचारले तुमच्या सेनापतीला आयाबहिणी नाहीत काय. निकानोर तर तलवारीला हात घालून पुढे आला.

"आपल्या सेनापतींना सांगावे," किल्लेदार थंडपणे म्हणाले, "की कांतुमार्क्यात नाणी पाडतात, मुली विकत नाहीत."

सगळ्यांना ती मागणी छावणीतल्या शिपायाची वासना वाटली. उर्सुलाला मात्र ठसा अखंड का हवा, हे लख्ख कळले. तांबे मिसळलेल्या हलक्या चकत्यांवर खरा सूर्य छापायचा आणि ती नाणी बाजारोबाजार सोडायची. मग माणसे राजाला नाही, नव्या राज्यालाच शिव्या घालतील. म्हणतील, यांचा सूर्यच खोटा. पण ठसा झिजतो. झिजला की नवा कोरणारा लागतो. शत्रूने बापाला मागितले नव्हते. लेकीला मागितले होते.

मग आतले कोणीतरी बोलले होते. आणि आतल्या एकाच माणसाने पाहिले होते.

तिने गर्दीत सेवेरोंकडे पाहिले. रुमाल नाकाशी होता, आणि रुमालावरून दोन डोळे तिच्याकडेच लागले होते. ते म्हणत होते, बोल ना, बाळ. माझे नाव घ्यायचे तर आधी स्वतःचा हात पुढे करावा लागेल.

रविवारचा पाव कशासाठी येत होता, ते तिला आता कळले.

वकील परत गेला. त्याने बाहेर काढलेला राग मात्र आतच घुटमळत राहिला, आणि त्याला जागा हवी होती. दुपार कलायच्या आत निकानोर आणि त्याचे शिपाई अन्सेल्मोला दंडाला धरून चौकात घेऊन आले. त्याच्या कमरेला सापडलेली घोटीव चकती निकानोरने उंच धरली. ती खरोखरच आरशासारखी चमकली.

"अन्सेल्मो चोके," किल्लेदार म्हणाले, "पाण्याचा पाट कुठून जातो हे तुला ठाऊक आहे?"

"आहे, सरकार. माझ्या आजाने त्याचे दगड घडवले."

"पूर्व बुरुजावर रोज तू ही चकती का धरतोस?"

"सूर्याला दाखवायला."

"आणि छावणीला?"

"छावणी बुरुजापासून किती लांब आहे, सरकार?"

लोक संतापले. त्यांना तो उद्धटपणा वाटला. "थट्टा करतो म्हातारा! उडवा त्याला!" अशी ओरड झाली. सेवेरोंनी खेदाने मान हलवली. "मला फार वाईट वाटतं, किल्लेदारसाहेब. पण वेढ्यात दया परवडत नाही. फितुराला शिक्षा झाली तर लोकांना धीर येईल."

किल्लेदारांनी डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनी ते काय ठरवणार हे उर्सुलाला कळले, आणि ती गर्दी फोडून पुढे आली.

"सरकार, माझा ताइता खरं विचारतो आहे." डोंगरातल्या पोरी बापाला ताइता म्हणतात. "छावणी किती लांब आहे ते त्याला माहीत नाही. त्याला दिसत नाही."

"उर्सुला!" म्हाताऱ्याचा आवाज चाबकासारखा आला. "गप्प बस. पोर भ्याली आहे, सरकार. काहीही बोलते."

"बापाला वाचवायला लेक काय नाही बोलणार," सेवेरो गोड हसले. "दिसत नाही म्हणे! मग तुमचा सूर्य कोणी कोरला, बाळ?"

त्या "बाळ" शब्दाने तिच्या मनातले उरलेसुरले भय जळून गेले. तिने उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सारली.

"मी."

चौकात वाराही थांबल्यासारखा झाला. किल्लेदार पावलांचा आवाज न करता म्हाताऱ्यासमोर गेले, कमरेचे पिस्तूल काढले आणि त्याची नळी त्याच्या डोळ्यांपुढे चार बोटांवर धरली. बायांनी शालीची टोके तोंडाला लावली. अन्सेल्मोची पापणीसुद्धा हलली नाही. तो त्या नळीपलीकडे, कुठेच न पाहता, कान टवकारून उभा होता.

"का?" तो म्हणाला. "सगळे गप्प का झालात?"

किल्लेदारांनी पिस्तूल खाली घेतले. निकानोरच्या हातातली चकती फरसबंदीवर पडली आणि लोळत लोळत म्हाताऱ्याच्या पायाशी गेली.

"हे बरं झालं, सगळ्यांसमोर झालं," सेवेरोंनी तोल सावरला होता. "म्हणजे सूर्याचा ठसा परवान्यावाचून कोरला गेला. या किल्ल्यातून गेलेला एकेक सोल कायद्याने खोटा. या मुलीचा हात..."

"हाताचं पाहू," किल्लेदार म्हणाले. "मला दुसरं कोडं पडलं आहे. जी गोष्ट मला ठाऊक नव्हती, माझ्या शिबंदीला ठाऊक नव्हती, ती शत्रूच्या सेनापतीला कशी कळली? मुली, तुला काम करताना कोणी पाहिलं होतं?"

उर्सुलाने बोट दाखवले नाही. नुसते वळून पाहिले. सारा चौक तिच्या नजरेमागून वळला.

सेवेरोंनी रुमाल हळूच घडी करून खिशात ठेवला. कमरेची किल्ली काढून किल्लेदारांपुढे धरली. "घ्या. आता हिचा फारसा उपयोग नाही. माझा नोकर खालच्या दिंडीदरवाजाचा अडसर काढायला केव्हाच गेला आहे. पाटाची जागा मीच कळवली; हौदात पाणी नाही, बाहेरून मदत नाही. ठसा अखंड मिळाला की कोणालाही मारणार नाहीत, असा शब्द मी घेतला आहे. मी तुम्हा सगळ्यांचे प्राण विकत घेतले, किल्लेदारसाहेब."

"आणि विकलंत काय?" किल्लेदारांनी विचारले.

खालून दिंडीकडून आरोळी आली आणि पाठोपाठ बंदुकांचा कडकडाट.

पुढचे सगळे घाईत झाले, पण उर्सुलाला ते जन्मभर सावकाश आठवत राहिले. निकानोर म्हाताऱ्यापाशी आला. त्याला माफी मागता येईना. "आजोबा," तो म्हणाला, "त्या जिन्यावर आता माझा पहारा. तिथून वर कोणी येणार नाही, तुमचं काम होईतो." आणि आपले गडी घेऊन तो दिंडीच्या अरुंद जिन्याकडे धावला. किल्लेदारांनी दोन्ही किल्ल्यांनी पेटी उघडली आणि सूर्याचा ठसा ऐरणीवर ठेवला.

"मुली, कायद्याला तुझा हात हवा आहे," ते म्हणाले. "मलाही हवा आहे. माझी गरज आधीची. ज्याने कोरला त्यानेच मोडावा. घण घे."

तिने छिन्नी ठशावर टेकवली. पोलाद कडक असते, पण कडक असते म्हणूनच तडकते. कुठे तडकेल ते तिला ठाऊक होते. दोन भुवयांच्या मधोमध. ठशातून आई वर पाहत होती, ओठांच्या कडेला तेच हसू. घण वर गेला, आणि तिथेच अडला. जिन्यावर निकानोर कोणाच्या तरी नावाने ओरडत होता.

तेव्हा तो आवाज आला. खाणीच्या तोंडाशी, थंडीत, हातोडीच्या तालावर. डोळे मिटायचे नाहीत, पोरी.

तिने डोळे मिटले नाहीत. आईच्या डोळ्यांत पाहत घाव घातला. पोलादाने एक लांब, उंच किंकाळी फोडली आणि सूर्य दुभंगला.

"निघा," किल्लेदार म्हणाले. "पाट कोरडा आहे. त्यांनीच कोरडा केला. आणि त्यांचे सगळे लोक आता दिंडीशी गोळा झाले आहेत."

"आणि आपण, सरकार?"

"मला पाहुण्यांचं स्वागत करायचं आहे." त्यांनी अंगरख्याचे वरचे बटण चाचपून पाहिले. ते लागलेलेच होते.

जमिनीखालच्या त्या दगडी पाटातून गुडघ्यांवर रांगत बाया, म्हातारे, जखमी बाहेर पडले. सर्वांत पुढे अन्सेल्मो होता. अंधारात चालायची सवय एकट्या त्यालाच होती, आणि भिंतीतला एकेक दगड त्याच्या आजाने बसवलेला. शत्रूने खणलेल्या खड्ड्यापाशी चिटपाखरू नव्हते. डोंगराच्या पाठीवर पोहोचल्यावर उर्सुलाने मागे वळून पाहिले. बुरुजावर राजाचे निशाण चढत होते.

निकानोर जिन्यावरच पडला. किल्लेदारांना बेड्या घालून समुद्रकाठच्या तुरुंगात नेले आणि तिथून ते परत आल्याचे कोणी ऐकले नाही. सेवेरोंना कोणी मारले नाही. सेनापतीने ठशाची दोन शकले त्यांच्यापुढे टाकून विचारले, "हे सांधता येईल का?" त्यांनी मान हलवली, आणि त्या दिवसापासून छावणीत त्यांच्या मुजऱ्याला कोणी उत्तर दिले नाही. ज्या ठशासाठी वेढा घातला त्याचा एकही खोटा सोल पडला नाही. आधी पडलेले होते ते मात्र पठारभर फिरत राहिले. मिठाच्या बाजारात, लोकरीच्या बाजारात माणसे ते नाणे पारखायला दाताखाली धरत नसत. नव्या बाळंतिणी त्याला भोक पाडून बाळाच्या गळ्यात घालत आणि ओव्या गात:

आभाळीचा सूर्य मावळून जातो,
गळ्यात राहतो बाळाच्या ग.

मग राजाचे सैन्य कायमचे गेले. देशाच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, नावे बदलली, निशाणे बदलली. नव्या टांकसाळीत नव्या नाण्यावर पुन्हा एका माणसाचे तोंड आले. या खेपेला राजाचे नाही, पण माणसाचेच. आणि एका सकाळी, उर्सुला आणि तिचा बाप ज्या डोंगरी गावात लोकर विणणाऱ्या माणसांत राहत होते तिथे दवंडी आली. जुने सोल आता चालायचे नाहीत, जमा करावेत, ते वितळवले जातील.

उर्सुलाकडे एकच सोल होता. तिने तो फडक्यातून काढला. उंबऱ्यापाशी उन्हाला बसलेल्या म्हाताऱ्याने त्याचा आवाज ओळखला.

"देऊन टाकणार?"

"ठेवून काय करू, ताइता? नाणं चालत नाही म्हणतात."

"आण इकडे. एकदा."

तिने नाणे त्याच्या तळव्यावर ठेवले. अंगठा आता सुकलेल्या मुळीसारखा झाला होता. तो कपाळावरून फिरला, गालांवरून उतरला, ओठांच्या कडेशी आला आणि तिथे थांबला. पुष्कळ वेळ थांबला. उर्सुलाला तो पहिला दिवस आठवला आणि ती उगीचच हसली.

"माहीत आहे मला. किरण जाड आहेत."

म्हाताऱ्याने मान हलवली. त्याच्या न पाहणाऱ्या डोळ्यांतून पाणी नाण्यावर पडले.

"पहिल्या दिवशीच ओळखलं होतं तिला," तो म्हणाला. "ती गेल्यापासून तिचं तोंड मला आठवेना झालं होतं, पोरी. तू ते माझ्या हातावर आणून ठेवलंस. त्या वेळी बोललो असतो तर रडलो असतो, आणि रडलो असतो तर बाहेर सगळ्यांना कळलं असतं." त्याने नाणे मुठीत मिटले. "एकही किरण जाड नव्हता."